कमांड लाइनवरून राउटर कॉन्फिगर करायला शिकताना सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिले आहे की डिप्लोमा संपवून वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या संगणक विभागात तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात, घरच्या वाय-फाय राउटरचे ब्राउझरमध्ये उघडणारे पान सोडले तर राउटरला कधी हात लावलेला नाही, आणि वरिष्ठांनी दोन महिन्यांत सिस्को कंपनीच्या राउटरची कमांड लाइन, म्हणजे टाइप करून आज्ञा देण्याची पद्धत, शिकून घ्यायला सांगितले आहे. त्यासाठी जुना राउटर विकत घ्यावा का, आणि कोणत्या कमांड पाठ कराव्यात, हे तुमचे दोन प्रश्न. मी गोव्यातल्या काही हॉटेलांची आणि लहान कार्यालयांची नेटवर्क सांभाळतो, त्या कामाच्या आधारे उत्तर देत आहे. राउटर इतक्यात घेऊ नका, आणि पाठांतर मुळीच करू नका. राउटरला काय सांगायचे हे शिकण्याआधी त्याला काय विचारायचे हे शिकलात, तर बाकीचे बरेचसे आपोआप जमत जाते. (कमांड मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे; टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.)

सरावासाठी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर, म्हणजे पडद्यावर खोटे राउटर आणि जाळी उभी करणारा प्रोग्राम, पुरेसे आहे. सिस्कोच्याच नेटवर्किंग अकॅडमी या शिकवणाऱ्या संकेतस्थळावर खाते उघडले की ते विनामूल्य मिळते, साध्या लॅपटॉपवर चालते, आणि त्यात राउटर बिघडवला तर कोणाचे काम अडत नाही. जुने खरे राउटर सरावाला चांगलेच असतात, पण त्यांचे पंखे इतके घोंघावतात की रात्री घरात चालू ठेवले तर घरची माणसे तुम्हाला आणि राउटरला एकदमच बाहेर काढतील.

पॅकेट ट्रेसरमधला नवा राउटर सुरू होताच तो प्रारंभिक कॉन्फिगरेशनची प्रश्नोत्तरे करायची का, असे विचारतो. त्याला ‘नो’ म्हणावे. मग जो प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करायची जागा दाखवणारी खूण, दिसतो, त्याच्याकडे नवशिके सहसा पाहतच नाहीत, आणि बहुतेक अडखळणे तिथूनच सुरू होते. नावापुढे ‘>’ असेल तर तुम्ही नुसते पाहुणे आहात. ‘इनेबल’ दिल्यावर ‘#’ येते, म्हणजे आता सर्व काही पाहता येते. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ दिले, ज्याला आम्ही सगळे ‘कॉन्फ टी’ म्हणतो, की कंसात ‘कॉन्फिग’ उमटते, आणि एखाद्या इंटरफेसमध्ये (राउटरच्या केबल जोडायच्या तोंडाच्या मांडणीत) शिरलात की ‘कॉन्फिग-इफ’. चुकीच्या खोलीत बरोबर कमांड दिली तरी राउटर ‘इनव्हॅलिड इनपुट’ म्हणून ‘^’ ही खूण दाखवतो. ही खूण शब्दाच्या नेमक्या कोणत्या अक्षरापाशी राउटरला समजेनासे झाले ते सांगते, त्यामुळे संपूर्ण ओळ पुन्हा टाइप करत बसण्याऐवजी त्या अक्षराकडे पाहावे. पुढचा शब्द आठवत नसेल तर ‘?’ दाबावे, तिथे चालतील असे सगळे शब्द अर्थासह समोर येतात. पाठांतर नको असे मी म्हणतो ते यासाठीच. मला या कामात बरीच वर्षे झाली आहेत आणि आजही मी दिवसातून अनेकदा ते प्रश्नचिन्ह दाबतो.

एक छोटी तजवीज पहिल्याच दिवशी करून ठेवावी. ‘#’ पाशी एखादा शब्द चुकीचा टाइप झाला तर राउटरला ते दुसऱ्या यंत्राचे नाव वाटते आणि तो डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) त्याचा शोध घेत बसतो. तेवढा वेळ पडदा गोठतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ६ एकत्र दाबले की सुटका होते, आणि ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ दिले की हा त्रास कायमचा जातो. यातला ‘नो’ लक्षात ठेवावा, कारण दिलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिच्या आधी ‘नो’ लावून मागे घेता येते.

आता मुख्य सराव. दोन राउटर एकमेकांना जोडा. प्रत्येकाच्या दुसऱ्या बाजूला एक स्विच (एकाच जाळ्यातली यंत्रे जोडणारी पेटी) आणि एक संगणक ठेवा. डावीकडच्या जाळ्याला १९२.१६८.१०.०, उजवीकडच्याला १९२.१६८.२०.०, दोन्हींना मास्क (पत्त्याचा किती भाग जाळ्याचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, मधल्या दुव्याला १०.०.०.१ आणि १०.०.०.२, मास्क २५५.२५५.२५५.२५२. संगणकांना आपापल्या बाजूच्या राउटरचा पत्ता, म्हणजे शेवटी १ असलेला, गेटवे, म्हणजे जाळ्याबाहेर जायचे दार, म्हणून द्या. राउटरच्या इंटरफेसमध्ये शिरून ‘आयपी अॅड्रेस’ दिल्यावर लगेच पुढे जाऊ नका. बाहेर येऊन ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ विचारा. पत्ता दिसेल, पण त्यापुढे ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ असे लिहिलेले असेल. केबल तुटलेली नाही. इंटरफेस कोणीतरी मुद्दाम बंद ठेवलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. सिस्कोच्या राउटरचे इंटरफेस मुळातच बंद स्थितीत येतात, स्विचचे मात्र चालू असतात, आणि या फरकामुळे पहिल्या दिवशी सर्वांचीच फसगत होते. ‘नो शटडाउन’ द्या आणि पुन्हा विचारा. दोन्ही रकान्यांत ‘अप’ आले तरच पुढे जायचे.

त्यानंतर डाव्या संगणकावरून उजव्या संगणकाला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येते का ते पाहा. आपल्याच गेटवेकडून, म्हणजे १९२.१६८.१०.१ कडून, ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे उत्तर येईल. हा नकार कोणी दिला हे नीट वाचा: तुमच्याच राउटरला वाट ठाऊक नाही आणि तो ते प्रामाणिकपणे सांगत आहे. ‘शो आयपी रूट’ विचारले तर यादीत फक्त थेट जोडलेली जाळी दिसतील. २० चे जाळे त्यात नसेल. डाव्या राउटरला ‘आयपी रूट १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.२’ अशी वाट दाखवा आणि पुन्हा पिंग करा. पिंग अजूनही जाणार नाही; फक्त संदेश बदलून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ होईल. बहुतेक जण इथे वैतागतात. वास्तविक इथे प्रगती झालेली असते. आता पॅकेट (पाठवलेल्या माहितीचा तुकडा) उजव्या संगणकापर्यंत पोचत आहे, तो उत्तरही देत आहे, पण उजव्या राउटरला १० च्या जाळ्याची वाट ठाऊक नसल्यामुळे ते उत्तर तिथेच टाकून दिले जात आहे.

समजा साखळीहून काणकोणला जायचे आहे आणि थेट बस नाही. साखळीच्या स्टँडवर कदंबाचा (गोव्याच्या सरकारी बससेवेचा) कंडक्टर तुम्हाला पणजीपर्यंतचे सांगेल, पणजीला मडगावची बस विचारावी लागेल, मडगावला काणकोणची. प्रत्येक जण फक्त पुढचा स्टँड सांगतो. राउटिंग टेबलही, म्हणजे ‘शो आयपी रूट’ने दिसणारी वाटांची यादी, तेवढेच सांगते. आणि जाताना बस मिळाली म्हणून संध्याकाळी परतीची बस असेलच असे नाही, ती वेगळी विचारावी लागते. उजव्या राउटरला ‘आयपी रूट १९२.१६८.१०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.१’ ही परतीची वाट दिली की पिंग चालू होते.

ती परतीची वाट देण्याआधी आणखी एक गोष्ट करून पाहा: संगणकावरून नव्हे, डाव्या राउटरवरूनच उजव्या संगणकाला पिंग करा. ते चालेल. संगणकाला न मिळणारे उत्तर राउटरला मिळते, कारण राउटर आपल्या पिंगवर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून मधल्या दुव्याचा १०.०.०.१ घालतो, आणि ते जाळे उजव्या राउटरला थेट जोडलेले असल्याने त्याला ते ठाऊक असते. ‘मी राउटरवरून पाहिले, सगळे ठीक आहे’ असे फोनवर सांगून ग्राहकाला परतवणारे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत. त्यांची चूक इथेच होत होती. राउटरवर पाच पिंगांतले पहिले टिंब (उत्तर नाही) आणि मग चार उद्गारचिन्हे (उत्तर आले) आली, तर मात्र घाबरू नका: पहिल्या वेळी शेजाऱ्याचा मॅक पत्ता (यंत्राचा मूळचा क्रमांक) एआरपी या पद्धतीने विचारण्यात वेळ जातो, आणि ऐंशी टक्के यश हे तिथे पूर्ण यशच समजावे.

विचारण्याचे महत्त्व मला ज्या प्रसंगाने पटले तो सांगतो, चूक माझीच होती. किनारपट्टीवरच्या एका हॉटेलाने इंटरनेट पुरवठादार बदलला आणि मी राउटरमध्ये नव्या गेटवेकडे जाणारा डीफॉल्ट रूट (दुसरी वाट ठाऊक नसेल तेव्हा वापरायची वाट) टाकून निघून आलो. संध्याकाळी तक्रार आली की काही पाने झटकन उघडतात आणि काही अजिबात उघडत नाहीत. एकाला मेल मिळते, शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्याला मिळत नाही. मी राउटर दोनदा बंद-चालू केला, केबल बदलली, नव्या पुरवठादाराशी तासभर वाद घातला. शेवटी ‘शो आयपी रूट’ पाहिले, तर ‘एस’ आणि ‘*’ ही खूण असलेल्या एका नोंदीखाली दोन गेटवे उभे होते. इंटरफेसला नवा पत्ता दिला की जुना पुसला जातो, म्हणून रूटचेही तसेच होईल असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात नवा डीफॉल्ट रूट जुन्याच्या शेजारी जाऊन बसतो आणि राउटर रहदारी दोघांत वाटून देतो. जुन्या पुरवठादाराचे मोडेम अजून विजेवर होते, त्यामुळे तो इंटरफेस ‘अप’ होता आणि निम्मी रहदारी एका मेलेल्या दुव्यात जात होती. ‘नो’ लावून जुनी ओळ काढली आणि सगळे सुरळीत झाले. बदल करण्याआधी आणि नंतर ‘शो आयपी रूट’ व ‘शो रनिंग-कॉन्फिग’ (राउटरची सध्या लागू असलेली मांडणी) नोटपॅडमध्ये उतरवून शेजारी शेजारी ठेवण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

जतन करण्याबद्दल थोडक्यात. तुम्ही दिलेली कमांड त्याच क्षणी लागू होते, पण ती रॅममधल्या रनिंग-कॉन्फिगमध्ये असते. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ दिल्याशिवाय ती वीज गेली तरी टिकणाऱ्या एनव्हीरॅममध्ये उतरत नाही आणि वीज गेली की नाहीशी होते. आपल्याकडे पावसात वीज किती भरवशाची असते हे गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. जतन न केलेले काम मी चवथीच्या आदल्या दिवशी, घरी माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधायची सोडून, दुसऱ्यांदा केलेले आहे.

याच गुणाचा उलटा उपयोगही होतो. दूरवरून राउटरवर काम करताना, चुकीचा पत्ता किंवा चुकीची अॅक्सेस लिस्ट (कोणाला जाऊ द्यायचे, कोणाला नाही याची यादी) लावून आपण स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ शकतो, कारण अॅक्सेस लिस्टच्या शेवटी न लिहिलेला एक ‘सर्वांना मनाई’ असा नियम असतोच. म्हणून जोखमीचा बदल करण्याआधी चालू स्थिती जतन करून ‘रीलोड इन १०’ द्यावे. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी राउटर स्वतःच पुन्हा सुरू होतो आणि जुन्या जतन केलेल्या स्थितीत परततो. सगळे ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’ द्यावे आणि मगच जतन करावे. ज्युनिपर या दुसऱ्या कंपनीच्या राउटरमध्ये यासाठी ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे, मायक्रोटिक या आणखी एका कंपनीच्या राउटरमध्ये कंट्रोल आणि एक्स दाबून सुरू होणारा सेफ मोड आहे. लहान हॉटेलांत मला मायक्रोटिकच जास्त भेटतात, आणि तिथे बदल लागलीच कायमचा होतो, वेगळे जतन करावे लागत नाही. शब्द बदलतात, पण इंटरफेस, पत्ता, वाट आणि परतीची वाट हे चार प्रश्न तेच राहतात.

पासवर्डसाठी ‘इनेबल पासवर्ड’ नको, ‘इनेबल सीक्रेट’ वापरा, आणि दूरवरून राउटरमध्ये शिरायला टेलनेटऐवजी एसएसएच, कारण टेलनेटवर पासवर्ड उघडाच जातो. एसएसएचची किल्ली तयार करण्याआधी राउटरला नाव आणि डोमेन द्यावे लागते. ते विसरले की राउटर किल्ली बनवायलाच नकार देतो.

पॅकेट ट्रेसरमध्ये हे सगळे हातात बसले की कार्यालयात एखादा अडगळीतला राउटर आहे का ते विचारा. त्याला जोडायला कन्सोल केबल लागेल, ती बहुधा फिकट निळी आणि चपटी असते. लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसणारच, तेव्हा यूएसबीचा कन्व्हर्टरही लागेल. पुटी या जोडणीच्या प्रोग्राममध्ये वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल नाही. पडद्यावर निरर्थक अक्षरे आली तर वेग चुकला आहे. काहीच आले नाही तर आधी एंटर दाबून पाहा.

कारखान्याच्या चालू राउटरवर वरिष्ठांनी प्रवेश दिला, तर पहिले काही दिवस फक्त ‘शो’ने सुरू होणाऱ्या कमांड द्या आणि त्यावरून नेटवर्कचे चित्र कागदावर काढून त्यांना दाखवा, त्यांच्याकडचे जुने चित्र आणि तुमचे चित्र जिथे जुळणार नाही, तिथे बहुधा त्यांचेच जुने निघेल. राउटर आत काय करतो ते सतत छापत राहणाऱ्या ‘डीबग’ला मात्र चालू राउटरवर हात लावू नका, त्याने प्रोसेसर गुदमरू शकतो, चुकून सुरू झालेच, तर पडद्यावरून ओळी कितीही वेगाने धावत असल्या तरी न पाहता ‘अनडीबग ऑल’ टाइप करून एंटर दाबा.