एजन्सीत मुलगी दिवसभर नेमकं करणार काय?

प्रश्न : मुलगी यंदा बीसीए झाली. पुण्यातल्या बारा-पंधरा जणांच्या वेब डेव्हलपमेंट एजन्सीने ट्रेनी म्हणून बोलावलंय. तिथे काम काय असतं? जावं, की मोठ्या कंपनीची वाट पाहावी? मूळ मार्कशीट जमा करायला सांगताहेत.
– एक पालक, बार्शी

उत्तर : मार्कशीटचं आधी सांगते. मूळ प्रत कुणाकडेही ठेवू नका. पडताळणीला दाखवा, झेरॉक्स द्या आणि मूळ प्रत घरी आणा. नोकरी सोडताना याच कागदांवरून अडवणूक होते.

आता कामाचं. एजन्सीत एका वेळी चार-सहा क्लायंटच्या साइट चालू असतात : शाळा, दवाखाना, बिल्डर, मसालेवाले. सकाळी छोटं स्टँडअप, म्हणजे उभ्याउभ्या कामाची बैठक होते, मग प्रत्येकाची तिकिटं, म्हणजे नेमून दिलेली छोटी कामं. ट्रेनीच्या वाट्याला फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं डिझाइन एचटीएमएल-सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाच्या कोडमध्ये उतरवणं येतं, ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर पान फाटतंय का ते बघणं येतं आणि वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर भरणंही येतं. हे शेवटचं काम मुलांना हलकं वाटतं. साइट रखडते ती मात्र बहुतेक वेळा तिथेच, कारण क्लायंटकडून मजकूर येतच नाही, किंवा येतो तो डीटीपीवाल्याने श्रीलिपी या छपाईच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला. तो वेबसाइटवर चिकटवला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं, करून घेतला तरी ओळन् ओळ वाचावी लागते. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे वेलांट्या आणि रफार हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. इंग्रजी मथळ्यासाठी ठेवलेलं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) मराठीला लागलं की शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची) कमी पडली तर वरच्या मात्रा कापल्या जातात. कॉलेजात हे सहसा कोणी शिकवत नाही. ज्या मुलीला मराठी नीट वाचता येतं, तिची इथे पटकन दखल घेतली जाते.

खरी कसोटी साइट लाइव्ह करताना. साइटच्या नावाचा पत्ता सांगणारे नेमसर्व्हर बदलले पण जुन्या जागेवरचे एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे ईमेल कुठे पोचवायची त्या नोंदी, नव्या जागी घेतले नाहीत, तर साइट झकास दिसते आणि क्लायंटची ईमेल बंद पडते. म्हणून आधी सगळे रेकॉर्ड उतरवून घ्यायचे आणि टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरत्र किती वेळ साठवली जाते ती मुदत, आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणायचा. वर्डप्रेसमध्ये सर्च इंजिनांना मनाई करणारी खूण काढायची राहिली, तर साइट गूगलवर येत नाही आणि ते महिन्याभराने कुणाच्या तरी लक्षात येतं. ऑनलाइन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेच्या टेस्ट कीज, म्हणजे चाचणीपुरते कोड, तशाच राहिल्या तर ऑर्डर दिसतात, पैसे येत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी शहाणी एजन्सी साइट लाइव्ह करत नाही.

जावं की नाही, हे एजन्सीवर अवलंबून आहे. मुलाखतीत तिने तीन गोष्टी विचाराव्यात : गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) वापरता का, स्टेजिंग सर्व्हर (लाइव्ह करण्याआधी साइट तपासायची वेगळी जागा) आहे का, आणि माझा कोड कोण तपासणार? लाइव्ह साइटवरच थेट एफटीपीने (सर्व्हरवर फाइली चढवायच्या जुन्या पद्धतीने) फाइली बदलत असतील आणि तपासणारं कोणी नसेल, तर वर्षभर तीच थीम, तीच रंगरंगोटी. तिथे जाऊ नये. अनुभवी माणूस कोड बघणार असेल, तर पहिली दोन वर्षं मोठ्या कंपनीपेक्षा इथे जास्त प्रकारचं काम हाताखालून जातं. पगार मात्र बेताचा असतो आणि क्लायंटचे फोन रात्रीही येतात, हे धरून चाला.

रुजू होण्याआधी गावातल्या एखाद्या दुकानाची पाच पानांची साइट तिने स्वतः बनवावी, कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवावा. मोबाइलमधून काढलेले ४-५ एमबीचे फोटो आकार कमी करून, वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात बदलून २०० केबीच्या आत आणावेत आणि लाइटहाउस या साइटचा वेग वगैरे तपासणाऱ्या साधनात साइट तपासावी. फीचे हजारो रुपये क्लासवर घालण्याआधी एवढं होऊ द्या.

मोठ्या कंपन्यांच्या परीक्षा नोकरी करतानाही देता येतात. फक्त ऑफर लेटरवर बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट) आणि नोटीस पीरियड (नोकरी सोडण्याआधी द्यायची मुदत) किती आहे ते बघा. ट्रेनीला नोटीसचे तीन महिने लिहिले असतील, तर सही करण्याआधीच ते एका महिन्यावर आणायला सांगा.