व्हिएतनामला दहा दिवस चाललोय. व्हिसा, पैसे, शाकाहारी जेवण, स्कूटर याबद्दल काय माहीत हवं? आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढलाय, तो तिथे चालतो ना?

नाही, चालत नाही. बाकीचं नंतर सांगते, आधी हे नीट वाचा, कारण आमच्या घरात या एका गोष्टीवरून गेलं वर्षभर धुसफूस चालू आहे.

आपल्याकडे हजार रुपये भरून जी पुस्तिका मिळते ती रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराची. तुमचीच उघडून बघा, मुखपृष्ठावर १९४९ छापलेलं आहे. व्हिएतनाम मानतो तो १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा परवाना. म्हणजे ५० सीसीच्या वरची कुठलीही स्कूटर त्या पुस्तिकेवर चालवलीत तर कायद्याच्या लेखी तुम्ही विनापरवाना. थायलंडला हीच पुस्तिका चालते. लोक तिकडे जाऊन आलेले असतात, म्हणून बिनधास्त सांगतात की सगळीकडे चालते.

गेल्या मार्चमध्ये आम्ही चौघं गेलो होतो, आम्ही दोघं आणि दीर-जाऊबाई. होई आनला मुक्काम होता. आदल्या रात्री मी भाऊजींना मोबाइलवर हे सगळं दाखवलं. ते म्हणाले, "वहिनी, मी पसरणी घाट रोज चढतो-उतरतो. तुम्हाला गाडीची भीती वाटते त्याला मी काय करू?" मी अठरा वर्षं अ‍ॅक्टिव्हा चालवते. आमच्या ह्यांनी "जाऊ दे ना" म्हणून विषय संपवला. सकाळी दुकानदाराने पुस्तिका उघडूनही पाहिली नाही. पासपोर्ट ठेवून घेतला आणि किल्ली दिली. भाऊजी माझ्याकडे बघून हसले.

ते दोघं स्कूटरवर, आम्ही भाड्याच्या गाडीत मागे. डानांगच्या पुढे हाय वान घाट लागतो, जवळजवळ पाचशे मीटर उंच. नावाचा अर्थच समुद्र आणि ढग, आणि त्या दिवशी खरोखर ढग रस्त्यावर उतरले होते. खालून बोगदा आहे, पण त्यात दुचाकीला आणि पेट्रोलच्या टँकरला बंदी, म्हणून ते सगळे घाटात. माथ्यावर १८२६ सालचं जुनं द्वार आहे, तिथे फोटो काढले. उतरताना तिसऱ्या की चौथ्या वळणावर समोरून टँकर आला. तिथे वाहनं उजवीकडून चालतात. सकाळपासून भाऊजी नीट उजवीकडून चालवत होते, पण घाबरल्यावर हात सवयीच्या बाजूला गेला, डावीकडे, म्हणजे थेट टँकरच्या पुढे. टँकरवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज ते आहेत. त्यांनी पुढचा ब्रेक दाबला आणि ओल्या रस्त्यावर गाडी घसरली.

आम्ही पोचलो तेव्हा जाऊबाई कठड्याला टेकून बसल्या होत्या. चप्पल एकाच पायात, कोपर सोललेलं, आणि एकच वाक्य परत परत, "ह्यांचा हात बघा, ह्यांचा हात बघा." भाऊजींचं कॉलरबोन मोडलं होतं. त्वचेखाली हाडाचं टोक वर आलेलं दिसत होतं. कॉफीच्या टपरीवरच्या बाई धावत आल्या, त्यांनी स्वतःची ओढणी सोडून त्याची झोळी बांधली. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती आणि आमची त्यांना, पण त्या बाईंनी जाऊबाईंचा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

डानांगच्या हॉस्पिटलात पासपोर्ट मागितला. पासपोर्ट होई आनच्या दुकानात, तीस किलोमीटरवर. आमचे हे तो आणायला गेले तर दुकानदाराने आधी स्कूटरच्या नुकसानीचे चाळीस लाख डोंग मागितले, म्हणजे आपले तेरा-साडेतेरा हजार. द्यावे लागले. ऑपरेशन, प्लेट, चार दिवसांचा मुक्काम मिळून पावणेदोन लाख रुपयांच्या वर गेलं. आम्ही प्रवास विमा काढलेला होता. भारतात आल्यावर सहा आठवड्यांनी पत्र आलं की वाहन चालवताना त्या देशात वैध परवाना नव्हता, सबब दावा नामंजूर.

भाऊजी अजूनही म्हणतात की विमा कंपनीने फसवलं. नाही फसवलं. ते कलम पॉलिसीत होतं आणि मी आदल्या रात्री तेच वाचून दाखवलं होतं. "पोलीस कुठे अडवतात?" असं तुम्हालाही दहा जण सांगतील. नसतील अडवत, जरी २०२५ पासून तिथे दंड बरेच वाढलेत. पण पोलिसाने सोडलं म्हणून विम्याचा दावा मंजूर होत नाही.

आता बाकीचं. ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच काढा, पत्ता डॉट गव्ह डॉट व्हीएन असा संपतो. एका प्रवेशाचे २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच्या तसं भरा.

नोटांमध्ये २० हजाराची आणि ५ लाखाची, दोन्ही निळ्या. एक आपले पासष्ट-सत्तर रुपये, दुसरी सोळा-सतराशे. पाकिटात वेगवेगळ्या कप्प्यात ठेवा.

शाकाहाराला तिथे "चाय" म्हणतात. "कोम चाय" अशी पाटी दिसली की निर्धास्त आत जा. इतरत्र नुसती भाजी मागितली तरी तिच्यात माशाचं पाणी, म्हणजे फिश सॉस, असू शकतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक मांसाहार करत नाहीत, तेव्हा चांगली सोय होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जात असाल तर होई आन टाळा, पुराचे दिवस असतात. डिसेंबर-जानेवारीत हानोईला स्वेटर लागतो.

शहरात फिरायला ग्रॅब आहे, आपल्या ओला-उबरसारखं अ‍ॅप, स्वस्त आहे. होई आनमध्ये सायकल पुरते. ५० सीसीच्या आतली किंवा छोटी इलेक्ट्रिक स्कूटर परवान्याशिवाय चालते, पण तरीही विम्याचं कलम वाचून घ्या. आणि तुम्ही ब्रिटनमध्ये राहत असाल, तिथला १९६८ चा परवाना असेल आणि त्यावर दुचाकीचा वर्ग असेल, तर माझं वरचं सगळं तुम्हाला लागू नाही. बिअर एक घोट घेतली तरी मात्र कुणीच चालवू नका, मर्यादा शून्य आहे.

हाय वान बघायचाच असेल तर डानांग ते ह्युए रेल्वेने जा, अडीच-तीन तास लागतात. ह्युएकडे जाताना उजव्या हाताची खिडकी मागा, समुद्र त्याच बाजूला असतो. परतीच्या आदल्या दिवशी मी जाऊबाईंना म्हटलं, चला, आपण दोघी जाऊन येऊ. त्या म्हणाल्या, "आता नको, पुढच्या वेळी." पुढच्या मार्चची दोन तिकिटं मी काढणार आहे, फक्त आमच्या दोघींची.