जूनोचा देवमासा आणि न उघडलेले पाकीट

रत्नागिरी तालुक्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे पत्र 14 मे रोजी मिळाले. त्यांचा मुलगा सिएटलला नोकरी करतो आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो आईवडिलांना अलास्काच्या सात दिवसांच्या क्रूझवर नेणार आहे. जहाज जूनो बंदरात दुपारी एकला लागते आणि रात्री दहाला सुटते. तिथे संध्याकाळी सहाच्या देवमासे पाहण्याच्या सफरीसाठी जहाज कंपनी माणशी 200 डॉलर घेते, तर एक स्थानिक नौकावाला 150. क्रूझचा खर्च मुलाचा असला तरी ही सफर आपल्याच पैशांनी पत्नीला घडवायची, असा गुरुजींचा आग्रह आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू लागले होते, तेव्हा त्यांच्या पत्नी इतर गावकऱ्यांबरोबर बादलीने त्याच्या अंगावर पाणी ओतत होत्या. पिल्लू पुढे वाचले नाही. तेव्हापासून त्यांना एकदा तरी पाण्यात पोहणारा जिवंत देवमासा पाहायचा आहे. गुरुजींनी विचारले आहे की सफर जहाजाची घ्यावी की स्थानिक, संध्याकाळच्या अंधारात काही दिसेल का, आणि मासा दिसलाच नाही तर पैसे बुडाले असे समजायचे का.

पत्राच्या शेवटी, पैशांची काळजी नाही हे सांगण्यासाठी, त्यांनी असेही लिहिले आहे: ‘निवृत्तीचे सर्व मिळून 36 लाख 22 मार्चला जमा झाले. 12 लाख मुदत ठेवीत आहेत, 19 लाख बचत खात्यात आहेत, आणि बँकेतल्या साहेबांनी पाच लाख एकरकमी विम्याच्या ठेवीत टाकून दिले आहेत. दहा-बारा वर्षांत दुप्पट होतात म्हणाले. त्याचे पाकीट 2 मे रोजी पोस्टाने आले, ते अमेरिकेच्या कागदपत्रांच्या पिशवीत तसेच आहे.’

हे वाचल्यावर मी त्याच दिवशी गुरुजींना दूरध्वनी करून पाकीट उघडायला सांगितले आणि पहिल्या पानाचा फोटो मागवला. जे तिथेच सांगितले ते आता सविस्तर लिहितो आहे, कारण याच मोसमात निवृत्त झालेल्या अनेकांच्या कपाटात असे पाकीट असण्याची शक्यता आहे. त्यांची संमती घेऊन, नाव न देता, हे उत्तर प्रसिद्ध करत आहे.

गुरुजी, आपण पाठवलेल्या फोटोत वार्षिक हप्त्यासमोर 5,00,000 रुपये, हप्ते भरण्याच्या मुदतीसमोर 10 वर्षे आणि पॉलिसीच्या मुदतीसमोर 20 वर्षे असे छापले आहे. म्हणजे ही एकरकमी ठेव नाही, किंबहुना ती ठेवच नाही. ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे आणि पुढच्या एप्रिलमध्ये आपल्याला पुन्हा पाच लाख भरायचे आहेत. त्यानंतरही आणखी आठ वेळा भरायचे आहेत. आपले निवृत्तिवेतन महिना 38 हजार, म्हणजे वर्षाला सुमारे साडेचार लाख आहे. वर्षभर घरात चूल पेटवली नाही आणि आलेला प्रत्येक रुपया विमा कंपनीला दिला, तरी हप्त्याला 44 हजार कमीच पडतात. ज्या अधिकाऱ्याच्या समोर आपल्या निवृत्तिवेतनाचे खाते उघडे होते, त्याला हा हिशेब दिसत नव्हता असे मी मानू शकत नाही. आपण त्याला कृतज्ञतेने हापूसची पेटी नेऊन दिलीत, हे दूरध्वनीवर ऐकले तेव्हा मला फार वाईट वाटले.

आता ‘दुप्पट’ या शब्दाकडे पाहू. पॉलिसीसोबतच्या लाभ तक्त्यात वीस वर्षांनी सुमारे 95 लाख मिळतील असे दाखवले आहे. 50 लाख भरून 95 लाख मिळतात, म्हणून दुप्पट म्हटले गेले असावे. परंतु पहिला हप्ता वीस वर्षे अडकतो आणि शेवटचा अकरा वर्षे, म्हणजे सरासरी प्रत्येक रुपया साडेपंधरा वर्षे अडकून पडतो. असा हिशेब केला की परतावा वर्षाला सव्वाचार टक्क्यांच्या आसपास निघतो, आणि तक्त्यातल्या आकड्यांपैकी हमी कोणत्या रकमेची आहे हे तर अजून वेगळे वाचायचे आहे. आपल्या मुदत ठेवीवर याहून अधिक व्याज मिळते. शिवाय ही रक्कम हातात येईल तेव्हा आपले वय 78 असेल.

विम्याची गरज म्हणावी तर तीही मला दिसत नाही. मुलगा मिळवता आहे, आपल्या मागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन आहे आणि घरावर कर्ज नाही. आयुर्विमा हा कमावत्या माणसाच्या अकाली जाण्याने उघड्या पडणाऱ्या कुटुंबासाठी असतो. निवृत्त माणसाच्या साठलेल्या पैशांसाठी तो साधन म्हणून विकला जातो, कारण पहिल्या हप्त्यावर बँकेला जे कमिशन मिळते ते मुदत ठेवीतून मिळत नाही.

तरीही ही चूक आज पूर्णपणे दुरुस्त होऊ शकते आणि म्हणूनच मी घाई करतो आहे. पॉलिसीचा दस्तऐवज हातात पडल्यापासून 30 दिवसांच्या आत ती नापसंत असल्याचे कळवून परत करता येते. याला फ्री लूकचा काळ म्हणतात आणि तो विमा नियामकाने दिलेला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मधल्या दिवसांच्या जोखमीचा किरकोळ हप्ता वजा होऊन बाकीचे पैसे परत मिळतात. आपले पाकीट 2 मे रोजी आले, म्हणजे 1 जूनला मुदत संपते. परंतु 31 मेपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात अर्ज द्या. प्रस्तावाच्या फॉर्मवर ई-मेल कोणाचा लिहिला आहे तेही तपासा, कारण दस्तऐवज ई-मेलने आधीच पोहोचला असेल तर कंपनी दिवस तेव्हापासून मोजू शकते, आणि अशा फॉर्मवर ई-मेल पुष्कळदा मुलाचा किंवा भलत्याचाच घातलेला सापडतो.

अर्ज बँकेतल्या साहेबांकडे तोंडी बोलून होत नाही. विमा कंपनीच्या रत्नागिरीच्या शाखेत स्वतः जा, मूळ पॉलिसी, रद्द केलेला धनादेश आणि पॅनची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्क्याची पोहोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पॉलिसी देण्यापूर्वी तिची झेरॉक्स काढून ठेवायला विसरू नका. कारण म्हणून ‘एकदाच भरायची ठेव असे सांगून दहा वर्षांच्या हप्त्यांची पॉलिसी दिली’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. साहेब आपल्याला भेटायला नक्की येतील. एक वर्ष थांबा, मग बंद करू, असे ते म्हणतील. त्या वर्षानंतर हातात येणारी रक्कम भरलेल्या पाच लाखांपेक्षा बरीच कमी असेल, हे लक्षात ठेवा. विमा कंपनीकडून आलेल्या पडताळणीच्या फोनवर आपण सगळ्याला हो म्हटले होते, असेही ते सांगतील. तसे असले तरी फ्री लूकच्या हक्काला बाधा येत नाही. कंपनीने टाळाटाळ केलीच तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, पाठोपाठ नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर, आणि तरीही दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जाता येते. लोकपालांकडे तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लागत नाही.

दुसरी मुदतही आपल्या लक्षात आलेली दिसत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला वयाची अट 60 वर्षांची आहे, परंतु 55 ते 60 या वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, मिळालेल्या रकमेपर्यंत, हे खाते उघडता येते. आपले वय 58 आहे आणि रक्कम 22 मार्चला मिळाली. आपले विमान 25 जूनचे आहे. परत येऊन पाहू म्हणालात तर ही संधी गेलेली असेल आणि मग साठी पूर्ण होईपर्यंत थांबावे लागेल. निवृत्तीच्या रकमेचा दाखला पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून आजच मागा, कारण पोस्टात फॉर्म भरायला अर्धा तास लागतो आणि दाखल्याला किती दिवस लागतील ते आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

बचत खात्यातले 19 आणि विम्यातून परत येणारे पाच मिळून 24 लाख होतात. त्यातले चार लाख बँकेत हाताशी ठेवा. बाकीचे 20 लाख या योजनेत ठेवले तर 8.2 टक्के दराने वर्षाला 1 लाख 64 हजार, म्हणजे दर तिमाहीला 41 हजार रुपये व्याज येते. हे व्याज करपात्र आहे, पण खाते पत्नीबरोबर संयुक्त उघडता येते आणि उघडतानाचा दर पाच वर्षे बदलत नाही. विम्याचे पैसे यायला वेळ लागला तर त्यासाठी थांबू नका, हातातल्या रकमेतून आधी खाते उघडा. तेच 20 लाख बचत खात्यात अडीच टक्क्यांवर राहिले तर वर्षाला 50 हजार मिळतात. फरक महिन्याला साडेनऊ हजारांचा पडतो. डॉलर 90 रुपये धरला तर जहाजाची आणि स्थानिक सफर यांत दोघांचा मिळून फरक 9 हजारांचा आहे, ज्यासाठी आपण तीन पाने पत्र लिहिलेत. तेवढे पैसे मार्चपासून दर महिन्याला जात आहेत.

आता जूनोविषयी. जहाजाचीच सफर घ्या. नौका ओक बे येथून सुटतात. ते ठिकाण धक्क्यापासून बसने सुमारे 20 किलोमीटरवर आहे, आणि जाणे-येणे धरून साडेतीन तास सहज लागतात. सहाला निघालेली मंडळी साडेनऊला परततात आणि जहाज दहाला सुटते. जहाज कंपनीची सफर उशिरा परतली तर जहाज थांबते, स्थानिक नौकेसाठी थांबत नाही. जूनोला बाहेरून रस्ताच येत नाही, त्यामुळे जहाज चुकले तर पुढचे बंदर गाठण्यासाठी विमानाचे किंवा बोटीचे तिकीट काढावे लागते. 9 हजार वाचवण्यासाठी ही जोखीम घेण्यासारखी नाही. सफर दुपारी दोनची असती तर मी स्थानिक नौका घ्यायला सांगितले असते.

अंधाराची चिंता नको. जुलैच्या सुरुवातीला तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. कुबड देवमासे हिवाळ्यात हवाईकडे पिलांना जन्म द्यायला जातात आणि उन्हाळ्यात हेरिंग मासे व क्रिल खाण्यासाठी अलास्काच्या पाण्यात असतात, म्हणून या महिन्यात ते दिसण्याची शक्यता खूप चांगली आहे. अनेक नौकावाले मासा न दिसल्यास काही रक्कम परत देतात, पण दूरवर उडालेला एक फवाराही ‘दिसणे’ या व्याख्येत बसतो, हे अटींमध्ये वाचून घ्या. तिथल्या नियमानुसार नौकेला 100 यार्ड, म्हणजे 90 मीटरहून थोडे अधिक अंतर राखावे लागते. जाहिरातीत दिसते तशी पाण्याबाहेरची उडी दिसेलच असे धरू नका. श्वास सोडल्याचा आवाज, काळी पाठ आणि बुडी घेताना वर येणारी शेपटी एवढे दिसले तरी आपल्या पत्नीला हवे ते मिळेल असे मला वाटते. मुलाकडून दुर्बीण मागून घ्या आणि पावसाळी कोट बरोबर ठेवा.

नोंदणी मुलाच्या अमेरिकी कार्डावर करा आणि त्याला 36 हजार रुपये द्या. आपल्या कार्डावर परकीय चलनाचे साडेतीन टक्के धरले तर साडेबाराशे रुपये उगीच जातात. सिएटलहून सुटून तिथेच परतणारी ही जहाजे 1886 च्या एका अमेरिकी कायद्यामुळे वाटेत परदेशी बंदराला, बहुधा कॅनडातील व्हिक्टोरियाला लागतात, त्यामुळे भारतीय पारपत्रावर कॅनडाचा व्हिसा लागतो. पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून मुलाला आजच विचारा. दोघांचा प्रवासी आरोग्य विमा इथूनच काढा आणि त्यात आपला रक्तदाब स्पष्ट लिहा, कारण जहाजावरचा डॉक्टर आपले बिल डॉलरमध्ये देतो. हा विमा मात्र घ्यायलाच हवा.

विमा कंपनीच्या शिक्क्याची पोहोच हातात आली की तिचा फोटो मला पाठवा.