फाउंटन्स ॲबीला आई-बाबांना नेताय? मग एवढं लक्षात ठेवा

लीड्सला नवीन आहात आणि आई-बाबा आलेत, तर रिपनजवळच्या फाउंटन्स ॲबीला, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष बघायला, जरूर न्या. मुख्य प्रवेशद्वारापासून मठाकडे उतार लागतो. जाताना छान वाटतं, परतताना गुडघे बोलतात. त्यापेक्षा मठाला लागून असलेल्या स्टडली रॉयल बागेच्या तळ्याकडून आत शिरा. वाट लांब आहे, पण सपाट, आणि हरणांच्या उद्यानातून गाडी जाताना मुलं खूश.

मठ ११३२ सालचा आहे हे मुलांना आधीच सांगून ठेवा! यॉर्कच्या मठातून बाहेर पडलेल्या तेरा साधूंनी तो वसवला, पुढे मेंढ्यांच्या लोकरीवर तो श्रीमंत झाला आणि १५३९ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात बंद पडला. घाई करू नका ती तळघरासारख्या दालनात, सेलेरियममध्ये (मठाच्या कोठारात). सुमारे ९० मीटर लांब, नुसत्या दगडी कमानी. बाबांना तिथे निवांत उभं राहू द्या.

स्टडली रॉयलची बाग जॉन एझलबी या राजकारण्याची. १७२० च्या साउथ सी कंपनीच्या शेअर घोटाळ्यात राजकारणातून बाहेर फेकला गेल्यावर त्याने सगळं लक्ष इथे घातलं. फुलांचे ताटवे शोधू नका; इथली शोभा शांत पाण्याची आणि हिरवळीची आहे.

वर्षभर फिरणार असाल तर ही जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं कौटुंबिक सदस्यत्व घ्याच. डबा घरून न्या, आणि उन्हाळ्यातही आईची शाल विसरू नका.