पहिले तीन गेम कोणते घ्यावेत

अरे, सेल लागला म्हणून एकदम दहा गेम घेऊ नकोस. नवखे हमखास इथेच चुकतात. स्टीमवर (कॉम्प्युटर गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत, २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. मन रमतंय का, हे तेवढ्यात कळतं.

सध्या तीन पुरेत, तिन्ही वेगळ्या धाटणीचे:

- पोर्टल (२००७): कोडी. काही तासांत संपतो.
- स्टारड्यू व्हॅली (२०१६): शेती. रात्री झोपल्यावरच सेव्ह होतं. मध्येच बंद केलंस तर तो दिवस वाया.
- सेलेस्ट (२०१८): नुसत्या उड्या, आणि शंभरदा पडणं. आमच्या वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारच्या घरी भाची एकाच जागी अर्धा तास अडली होती. असिस्ट मोडमध्ये, म्हणजे गेम सोपा करायच्या सोयीत, वेग जरा कमी करून दिला, तर ओठ चावत पाचव्या प्रयत्नात वर पोचली आणि लगेच म्हणाली, "मामा, आता वेग पूर्ववत कर." असिस्ट वापरण्यात कमीपणा अजिबात नाही.

ऑनलाइन सामन्यांत मात्र लगेच उतरू नकोस. तिथे वर्षानुवर्षं मुरलेले खेळाडू असतात, नवख्याचा हिरमोड होतो. ग्राफिक्स कार्डाचं नंतर बघू. हे तिन्ही साध्या लॅपटॉपवर चालतात. रविवारी सूरसागर तलावाकडे आलास तर घरी ये, माझा जुना कंट्रोलर घेऊन जा.