कोणता सिक्लिड कोणाशेजारी नांदतो?

प्रश्न : तीन बाय दीड बाय दीड फुटांची टाकी आहे. दुकानातून ‘मिक्स सिक्लिड’ म्हणून बारा पिल्लं आणली, सोबत दोन एंजल सोडले. आठ महिने बरे गेले. आता पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक मासा काळा पडलाय आणि सगळ्यांच्या मागे लागतो. चार मेले. उरलेले फिल्टरच्या कोपऱ्यात वरती अंग चोरून राहतात. पाणी बोअरचं आहे. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुळ. त्यातला तो बहुधा ऑरॅटस जातीचा नर आहे. याची पिल्लं आणि माद्या सोनपिवळ्या असतात, अंगावर काळे-पांढरे पट्टे. नर वयात आला की रंग उलटतो : अंग काळं, पट्टे फिके. हे मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकाळ काठावरचे. तिथे हरलेला मासा दूर पळून जातो. टाकीत तो नजरेआड होऊच शकत नाही, म्हणून पाठलाग संपत नाही. तीन फुटांत ऑरॅटस ठेवू नये, हे आमचं स्पष्ट मत. तो दुकानदाराला परत द्या; नदी-तलावात मात्र कधीही सोडू नका.

एंजलही आजच हलवा. ते ॲमेझॉन खोऱ्यातले, मऊ पाण्याचे, संथ मासे. लांब पंख कुरतडले जाणारच. तुमचं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल, तर ते मलावीच्या माशांना मानवतं. पीएच (पाणी आम्ल की अल्कली याचं माप) 7.8 ते 8.5 असावा.

आता टाकी नव्याने लावा. दगड आधी थेट तळाच्या काचेवर, खाली पातळ फोम घालून रचा आणि वाळू नंतर ओता. हे मासे वाळू उकरतात. वाळूवर रचलेला दगड कलंडून काच फुटते. फटी भरपूर ठेवा, प्रत्येकीला दोन तोंडं असू द्या. एकच तोंड असेल तर आत शिरलेला मासा कोंडला जातो आणि तिथेच मार खातो.

यलो लॅब आणि रस्टी या मलावीच्याच जाती. यलो लॅबचा एक नर आणि चार माद्या, रस्टीचा एक नर आणि तीन माद्या, शेवाळ खरवडणारा एक छोटा ब्रिसलनोज सकर : एवढी वस्ती पुरे. साधा सकर घेऊ नका, तो फूटभर वाढतो. एकसारख्या रंगाच्या दोन जाती एकत्र नकोत, नर एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. तुमच्या उरलेल्या पिल्लांपैकी ओळख न पटलेलं एकही यात घालू नका. नवे मासे सोडायच्या दिवशी दगडांची जागा बदला आणि दिवा बंद ठेवा. जुन्यांच्या हद्दी मोडल्या की नव्यांना जागा मिळते.

ही टाकी भरून साधारण 190 लिटरची. फिल्टर तासाला 1200 ते 1500 लिटरचा हवा, आणि दर आठवड्याला 30 टक्के पाणी बदला. पीएच एकाने चढला की माशांच्या घाणीतून सुटणाऱ्या अमोनियाचा विषारी भाग जवळपास दसपट होतो, त्यामुळे अशा चढ्या पीएचच्या पाण्यात हयगय महागात पडते. खाणं स्पिरुलिना या शेवाळाचं द्या. ट्युबिफेक्स अळ्या बंद. मलावीच्या खडकांवरच्या बहुतेक माशांचं आतडं शेवाळावर पोसलेलं, लांब असतं. मांसाहार जास्त झाला की पोट फुगतं, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी येते, मासा खाणं सोडतो आणि मग सहसा वाचत नाही.

प्रश्न : एंजलच्या टाकीतले निऑन टेट्रा हे छोटे मासे रात्रीतून नाहीसे होतात. मेलेले सापडतही नाहीत. (पुणे)

उत्तर : एंजल खातात. एंजलही सिक्लिडच, आणि तोंडात मावेल ते त्याचं अन्न. निऑनऐवजी पूर्ण वाढलेले आठ रमीनोज टेट्रा घ्या. एंजल लहान असतानाच सोडले तर उत्तम, तळाशी राहणारे सहा कोरीडोरस मासे ठेवा. टायगर बार्ब नको, तो पंख तोडतो. टाकीची उंची किमान 18 इंच असावी.

प्रश्न : काळुंदर घरी पाळता येईल का? सोबत काय ठेवावं? (मडगाव)

उत्तर : जरूर. काळुंदर आपला देशी सिक्लिड आहे, पण तो वीतभर सहज होतो. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत लहान वयाचे पाच एकदम सोडा. दोनच असले तर एक दुसऱ्याला सतत दामटतो. तो मचूळ खाडीचा मासा आहे, म्हणून लिटरला 5 ते 8 ग्रॅम ॲक्वेरियमचं समुद्री मीठ घाला. सोबत ऑरेंज क्रोमाइड छान जमतो. तोही देशी, तीन इंचांचा. त्याची पिल्लं काळुंदरच्या अंगावरचे परजीवी टिपतात. मोठे मात्र काळुंदरची अंडी खातात, तेव्हा वीण हवी असेल तर वेगळी टाकी ठेवा. टेट्रा, कोरीडोरस या पाण्यात तगत नाहीत. कोवळ्या पाणवनस्पती काळुंदर फस्त करतो. पाणी आटलं की वर गोडंच पाणी घाला. मीठ उडून जात नाही; मिठाचं पाणी घालत राहिलात तर खारटपणा नकळत चढत जातो.