नोटिशीचे तीन महिने मोजत राहा

ताई, तुझी पोस्ट वाचून नऊ वर्षांपूर्वीची मीच आठवले. तू दापोलीची हिंदू, तो वसईचा ख्रिश्चन, दोघं ठाण्यात नोकरीला, आणि प्रश्न एकच: विशेष विवाह कायद्याने, म्हणजे धर्म न बदलता, लग्न करायला ठाण्यात नोटीस दिली तर गावात कळेल का?

कळू शकतं. दोघांपैकी एकजण तीस दिवस ठाणे जिल्ह्यात राहिलेला असला की तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देता येते, आणि हरकतींसाठी ती तीस दिवस त्याच्या ऑफिसातल्या फलकावर लागते. पण कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे प्रत जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. म्हणून घरी सांगायचं असेल तर आधीच सांग. आमची नोटीस जाळीच्या फलकात लावली होती. कोणीतरी तिचा मोबाईलवर फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो काकांच्या पडवीत पोचला.

तरी खरा फटका बसला तो दुसरीकडेच. मे महिन्यात नोटीस दिली, तीस दिवस गेले, हरकत एकही नाही. तरी टेबलावरचे साहेब म्हणाले, "मुलीच्या वडिलांचं संमतीपत्र आणा." कुठलं ऑफिस ते सांगत नाही. आम्ही मुकाट्याने ऐकलं, हीच चूक. पावसात तीनदा एसटीने गावी जाऊन बाबांच्या पाया पडले. ऑगस्टमध्ये वकिलांना घेऊन गेलो तेव्हा कळलं की असं पत्र कायद्यात कुठेच नाही. पण नोटिशीला तीन महिने उलटले होते, म्हणजे ती रद्द. नवी नोटीस, पुन्हा तीस दिवस, पुन्हा तो फलक. गणपतीला सगळे चाकरमानी घरी असताना लग्न करायचं ठरवलं होतं, ते राहिलंच.

मी वकील नाही, पण 1954च्या विशेष विवाह कायद्याचं कलम 4 तू स्वतः वाच. मुलगा 21, मुलगी 18, दोघांपैकी कोणाचंही आधीचं लग्न अजून टिकून नसावं, संमती देण्याइतकी मानसिक क्षमता असावी, निषिद्ध, म्हणजे लग्नाला मनाई असलेलं जवळचं, नातं नसावं. हरकत घ्यायची तर यातल्याच कशावर तरी. "आमच्या घराण्यात चालत नाही" ही हरकत होत नाही. जास्तीचा कागद मागितला तर "कुठल्या नियमाखाली, ते लेखी द्या" असं शांतपणे म्हण.

माझं मत विचारशील तर सरकारने वय, संमती आणि आधीचं लग्न एवढंच तपासावं. हिंदू विवाह कायद्याने देवळात लग्न लावणाऱ्यांना महिनाभर भिंतीवर नाव लावावं लागत नाही, मग आम्हालाच का? अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2021मध्ये नोटीस जाहीर करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं होतं, पण त्या निकालावर महाराष्ट्रात विसंबू नकोस.

साक्षीदार तीन लागतात, तू चार सांगून ठेव. आमचा एक पुराने घाटात अडकला होता आणि दुपारी तीनपर्यंत आम्ही त्याच्यासाठी जिन्यात उभे होतो.